ग्रास कटर घेताय? आधी पातं ठरवा



पाऊस सरत आला की कोकणातल्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. आंबा-काजूच्या बागांची बेणणी तोंडावर असते, भात पिवळं व्हायला लागलेलं असतं आणि नेमकं त्याच दिवसांत माणूस मिळत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "गटाचंच मशीन घेऊया ना, आपल्याला पण होईल आणि भाड्याने पण देता येईल." ठराव लिहिला जातो, दोन-तीन दुकानांची कोटेशनं येतात. चर्चा होते ती इंजिन किती सीसीचं, कंपनी कुठली आणि किंमत किती यावर. दांडीच्या टोकाला कापणारं काय लावायचं, हे मात्र दुकानदारावर सोडलेलं असतं.

आजचा पाठ त्या टोकाबद्दल आहे. इंजिन नुसती ताकद देतं, काम करतं ते टोक. चुकीचं टोक लावलं तर चांगलं मशीनसुद्धा महिन्याभरात कोपऱ्यात पडतं, आणि गटाचा हप्ता मात्र चालूच राहतो.

आपण ज्याला ग्रास कटर म्हणतो त्याचं कागदावरचं नाव 'ब्रश कटर'. बिलावर आणि योजनेच्या यादीत हेच नाव बघा.

कापलेलं गवत जाणार कुठे?

निवड इथून सुरू करा. शहरातल्या गोल्फच्या मैदानांवर आणि परदेशात मोठ्या अंगणांत गवत कापायला बसून चालवायची यंत्रं असतात. त्यांच्या पोटाखाली पात्यांचा एक चपटा डबा असतो. तो डबा निवडताना तिथली माणसंही हेच विचारतात. एक डबा गवत बाजूला फेकतो, दुसरा ते बारीक करून तिथेच जमिनीवर पसरतो, तिसरा मागच्या पिशवीत गोळा करतो. आपल्या उताराच्या, दगडाधोंड्यांच्या बागेत ते यंत्र चालणार नाही, पण प्रश्न मात्र आपल्यालाही तोच आहे. गवत गुरांना घालायचंय, झाडाखाली आच्छादन करायचंय, की नुसतं साफ करायचंय?

गुरांना घालायचं असेल तर नायलॉनची दोरी नको. दोरी गवत कापत नाही, झोडपून तोडते. त्याचा चेंदा होतो, माती उडून त्यात मिसळते आणि ते चारी बाजूंना फेकलं जातं. शिवाय दोरी झिजते म्हणजे तिचे तुकडे त्याच गवतात पडतात. ते जनावराच्या पोटात जायला नकोत. चाऱ्यासाठी धातूचं पातं लावा. ते गवत बुडाशी कापून एका बाजूला आडवं पाडतं, मागून दुसरी बाई भारे बांधत येऊ शकते.

आच्छादन करायचं तर दोन-तीन दाती पातं बरं. लांब गवत कापून पडतं, ते बुंध्यापासून थोडं लांब, गोल पसरायचं. एक सांगून ठेवते: उन्हाळ्यात वणवा येणाऱ्या डोंगराला लागून बाग असेल, तर कडेच्या पट्ट्यात वाळलेलं गवत ठेवू नका.

काजूच्या बागेची गरज आणखी वेगळी. पडलेली बी दिसली पाहिजे, म्हणून बी पडायला लागण्याआधी झाडाखाली गवत अगदी आखूड हवं. तिथे पहिला हात पात्याने आणि शेवटचा हात दोरीने, असं केलं तर काम स्वच्छ होतं.

दोरी

नायलॉनची दोरी साधारण २.४ ते ३ मिलिमीटर जाडीची येते. गोल दोरी जास्त टिकते, चौकोनी जास्त चांगली तोडते पण लवकर झिजते. कोवळं गवत, शाळेचं आवार, रस्त्याची कड, गडग्याच्या बुडाशी, विहिरीच्या काठाभोवती, अशा ठिकाणी दोरीच लावावी. दगडाला लागली तर दोरी तुटते, पातं मात्र दगडाला लागलं की दात मोडतो किंवा हाताला जोराचा झटका बसतो. कातळाची जमीन असणाऱ्या गावांना म्हणून दोरीशिवाय गत्यंतर नाही.

पण दोरी फिरवायला इंजिनाला जोर जास्त लागतो. लहान इंजिनावर जाड दोरी लावली की मशीन धापा टाकतं, तापतं आणि पेट्रोल पितं. संरक्षक झाकणाच्या कडेला एक छोटी धारदार पट्टी असते, ती दोरी वाढली की आपोआप छाटते. ती पट्टी 'अडते' म्हणून काढून टाकणारे पुष्कळ आहेत. काढू नका. दोरी लांब झाली की इंजिनावर ताण येतो आणि दगड आपल्याच पायावर उडतात.

दोरी महाग पडते म्हणून सायकलच्या ब्रेकची तार लावायची शक्कल काही ठिकाणी चालते. ही गोष्ट गटाच्या ठरावातच लिहून ठेवा की आपल्या मशीनला तार लागणार नाही. तारेचा तुटलेला तुकडा गोळीसारखा जातो. डोळा गेला तर कुठलं भाडं तो भरून देणार आहे?

दोरी जुनी झाली की कडक होऊन सारखी तुटते. कामाच्या आदल्या रात्री पाण्यात भिजत ठेवली तर पुन्हा लवचीक होते.

एक इशारा बागवाल्या सख्यांसाठी. दोरी मऊ आहे म्हणून लहान कलमाच्या बुंध्यापर्यंत नेऊ नका. साल सगळीकडून सोलली गेली की कलम उभ्या उभ्या वाळतं, आणि ते कळतं दोन-तीन महिन्यांनी. लहान कलमाभोवती हातभर जागा कोयत्याने किंवा विळ्याने हातानेच साफ करायची. कितीही घाई असली तरी.

पाती

दोन किंवा तीन दातांचं पातं हे आपल्या बेणणीचं मुख्य हत्यार. कमरेएवढं गवत, रानमोडी, घाणेरीची कोवळी फूट याला हे लावा. बहुतेक पाती दोन्ही बाजूंनी वापरता येतात. एक बाजू बोथट झाली की उलटून लावायची. धार लावताना प्रत्येक दाताला सारखीच कानस मारा. एक दात जास्त घासला गेला की तोल जातो, मशीन थरथरतं आणि संध्याकाळी हाताला मुंग्या येतात.

चाळीस किंवा ऐंशी दातांचं गोल पातं दिसायला करवतीसारखं असतं. ते झुडपं, बोटाएवढी खोडं आणि भातासाठी. नुसत्या ओल्या गवतात ते घालू नका, गवत गुंडाळलं जातं. दातांच्या टोकाला कडक धातू लावलेलं पातं आलं तर ते जास्त दिवस धार धरतं, पण दगडाला लागलं तर ती टोकं उडतात.

भात कापायचं असेल तर या गोल पात्याबरोबर एक वाकडी जाळी किंवा पत्र्याचा आडोसा मिळतो. कापलेलं भात तो एका ओळीत डावीकडे झोपवतो. आपल्या लहान लहान कोपऱ्यांमध्ये, जिथे मोठं कापणी यंत्र उतरतच नाही, तिथे याचा खरा उपयोग आहे. एक बाई कापते, दोघी-तिघी मागून गोळा करून पेंढ्या बांधतात. मात्र भात उभं हवं. पावसाने आडवं पडलेलं भात याने नीट निघत नाही, दाणे गळतात. त्याला विळाच. म्हणून "मशीन आलं, आता विळ्यांची गरज नाही" असा हिशोब मांडून मजुरीचा अंदाज करू नका.

पात्याला तडा गेला की ते पातं संपलं. गावच्या वेल्डरकडे नेऊन जोडून आणू नका, वाकलेलं ठोकून सरळही करू नका. भर वेगात तुकडा सुटला तर तो कुणाला लागेल सांगता येत नाही.

घड्याळ डोळ्यांसमोर ठेवा

हा भाग बैठकीत मोठ्याने वाचा आणि प्रत्येकीकडून एकदा करून घ्या, मशीन बंद ठेवून.

पात्याकडे वरून बघा आणि ते घड्याळ आहे असं समजा. आपल्या अगदी समोर १२ वाजलेत, उजवीकडे ३, डावीकडे ९. बहुतेक मशीनचं पातं वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. त्यामुळे १२ ते ३ हा भाग खोडाला किंवा दगडाला लागला की दांडी उसळी मारते आणि चालवणाऱ्या बाईला ओढून नेते. कापायचं ते डावीकडच्या भागाने, म्हणजे ९ ते १२ च्या मध्ये, आणि हात फिरवायचा उजवीकडून डावीकडे. विळ्याची सवय असलेल्यांना पहिल्या दिवशी हे उलटं वाटतं. दुसऱ्या दिवशी बसतं.

पात्याचं नटही उलट्या आट्याचं असतं. सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. हे माहीत नसलं की माणूस जोर लावून आणखी घट्ट करतो आणि आटे घालवतो. नट सोडवण्याआधी इंजिन बंद आणि स्पार्क प्लगची टोपी काढलेली, हा नियम कुणासाठीही मोडायचा नाही.

चालू मशीनपासून १५ मीटरच्या आत दुसरं कुणी नको. पेंढ्या बांधणाऱ्या बायकांनी यासाठी मागे अंतर ठेवूनच चालायचं, मुलं तर बागेतच नकोत. चेहऱ्यावर जाळीचा किंवा पारदर्शक पडदा, कानात बोळे, पायात गमबूट. साडी नेसून हे काम करू नका. पदर किंवा निऱ्या गुंडाळल्या गेल्या तर सावरायला वेळ मिळत नाही. पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, केस बांधून आत, मंगळसूत्र शर्टाच्या आत. घरातून कुणी "हे काय नेसलीस" म्हणालं तर म्हणू द्या.

मशीन अंगाला बसतं का, हे दुकानातच बघा. पट्टा अंगावर चढवून, दोन्ही हात सोडून, पातं जमिनीला समांतर लटकतंय का ते पाहायचं. खाली जास्त झुकत असेल तर तोल हाताने धरावा लागेल आणि तासाभरात खांदा भरून येईल. चालवणाऱ्या दोघी-तिघी दुकानात गेल्याच पाहिजेत. घरच्या पुरुषाच्या उंचीचं मशीन आलं की मग तोच चालवतो, भाडंही त्याच्याच खिशात जातं, आणि गटाच्या नावावर राहतो तो फक्त हप्ता. असं झालेले गट आपल्या ओळखीचे आहेत, जास्त बोलत नाही.

खरेदीच्या आधी

बैठकीत एक कोरा कागद घ्या. प्रत्येक सदस्येने आपली जमीन सांगायची: बाग किती, कातळ किती, भात किती, कलमं लहान की मोठी, गवत गुरांना लागतं का. तेवढंच भाड्याचं काम कुठलं मिळेल तेही लिहा. कागद भरला की कुठलं टोक वर्षात किती दिवस लागेल ते आपोआप दिसतं. बऱ्याच गटांच्या बाबतीत माझं मत असं की एक चांगलं मशीन आणि तीन टोकं (दोरीचं डोकं, तीन दाती पातं, भातासाठी आडोशासह गोल पातं) पुरतात. एकाच मशीनला नांगरणी, फवारणी, पंप असं सगळं जोडून देणारे संच स्वस्त वाटतात, पण त्यातलं निम्मं सामान पिशवीतून बाहेरच येत नाही.

टोक विकत घेताना पात्याच्या मधल्या भोकाचं माप बघा. साधारण २५.४ मिलिमीटर, म्हणजे एक इंच असतं, पण सगळ्यांचं नाही. दांडीचा पाइपही २६ किंवा २८ मिलिमीटरचा येतो. जुनं पातं सोबत न्या, म्हणजे दुसरी फेरी वाचते. दोरीचं झाकण आणि पात्याचं झाकण वेगळं असेल तर दोन्ही मागून घ्या.

इंजिन टू स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, फोर स्ट्रोक असेल तर तेल वेगळं भरतात. किती मिसळायचं ते पुस्तिकेत असतं, शेजाऱ्याच्या मशीनवरून ठरवू नका. मिश्रणाच्या कॅनला लाल फडकं बांधा, म्हणजे कोरं पेट्रोल चुकून जाणार नाही. कोऱ्या पेट्रोलवर टू स्ट्रोक इंजिन जाम होतं.

अनुदानातून घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा. आधी घेतलं आणि मग अर्ज केला तर पैसे मिळत नाहीत. यंदाच्या यादीत ब्रश कटर आहे का आणि गटाला लागू आहे का, हे सहायक कृषी अधिकाऱ्यांना आधी विचारा. बिल गटाच्या नावाने, जीएसटीसह.

भाडं तासावर लावा, दिवसावर नको. आणि दोरीचा खर्च भाड्यात धरू नका, वेगळा घ्या. कातळावर काम करणारा माणूस एका दिवसात जेवढी दोरी संपवतो तेवढी बागवाला आठवड्यात संपवत नाही. मशीनच्या वहीत रोज चार गोष्टी लिहा: कोणतं टोक लावलं, किती तास चाललं, पेट्रोल किती गेलं, कुणी चालवलं. गिअरच्या डब्यात साधारण दर २० ते २५ तासांनी ग्रीस भरावं लागतं. ते केव्हा भरायचं हे त्या तासांच्या रकान्यावरूनच कळेल.