डोळ्यांतील दंडपेशी आणि आमचे मामा

आमच्याकडे शेतीच्या मोटारीला वीज बऱ्याचदा रात्रीच मिळते, त्यामुळे दारे धरायलाही रात्रीच जावे लागते. माझे मामा मात्र कधी रात्री शेतात गेले नाहीत. दिवेलागण झाली की ते ओसरीवर बसून राहत. लोक त्यांना भित्रे म्हणत. मामांना रातांधळे होते. मी कला शाखेचा विद्यार्थी, हा विषय माझ्या अभ्यासक्रमात नाही. पण घरातल्या एका प्रश्नामुळे ग्रंथालयातून शरीरशास्त्राची पुस्तके काढावी लागली. त्यातले मला समजले तेवढे वाचकांपुढे ठेवतो.

धाराशिवच्या लेण्यांत भर उन्हातून शिरले की आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू खांब दिसू लागतात. हे काम मुख्यतः डोळ्याच्या आतील पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाचे. त्यात शंकुपेशी सुमारे ६० लाख. त्या भरपूर उजेडात रंग व बारकावे दाखवतात. दंडपेशी सुमारे १२ कोटी, त्या अंधुक उजेडाच्या. दंडपेशीत ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. उन्हात ते फिके पडते व पुन्हा पुरेसे तयार व्हायला अर्धा तास तरी लागतो. ते बनते 'अ' जीवनसत्त्वापासून. दृष्टिपटलात हे जीवनसत्त्व जॉर्ज वॉल्ड यांना १९३३ साली सापडले. पुढे १९६७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

मला खरे नवल वाटले ते पुढेच. प्रकाश पडला की पेशी जागी होत असेल अशी आपली समजूत. प्रत्यक्षात उलटे आहे. अंधारात दंडपेशी पुढच्या पेशीकडे एक रसायन सतत सोडत असते. प्रकाश पडताच ऱ्होडॉप्सिनमधील रेणूचा आकार बदलतो, पेशीत शिरणारा विद्युत्प्रवाह कमी होतो आणि रसायन सोडणे मंदावते. रात्रभर आरोळ्या देणारा राखणदार एकाएकी गप्प झाला की आपण सावध होतो, तसेच हे.

हा निरोप सरळ मेंदूकडे जात नाही. प्रकाश टिपणाऱ्या पेशी १२ कोटींहून अधिक, आणि मेंदूकडे जाणारे तंतू दहा-बारा लाख. मधल्या पेशी अनेक दंडपेशींचे निरोप सावड केल्यासारखे एकत्र करतात. त्यामुळे क्षीण उजेडही जाणवतो, पण बारकावा हरवतो. चांदण्यात बांधावर कोणी उभे आहे हे दिसते, कोण ते ओळखू येत नाही. शिवाय आडव्या पेशी शेजारपाजारचे निरोप थोडे दाबतात, म्हणून उजेड आणि काळोख यांमधली कड उठून दिसते. पाटाची कड, बांधाची कड. रात्री दारे धरणाऱ्याला हीच तर लागते.

मामांना लहानपणी शेवग्याचा पाला, गाजर, बोकडाचे काळीज, सगळे खाऊ घातले. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने आलेले रातांधळे अशा खाण्याने बरे होते. १९७० साली तर सरकारने मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याची योजनाच सुरू केली. मामांचे मात्र गेले नाही. चाळिशीत दिवसाही बाजूचे दिसेनासे झाले, चौकटीला खांदा लागू लागला. तेव्हा डॉक्टरांनी पडदा तपासून रेटिनायटिस पिग्मेंटोझा असे नाव सांगितले. यात आधी दंडपेशी मरतात, त्यांच्यामागून शंकुपेशीही. रोग बहुधा आनुवंशिक. जगात साधारण चार हजारांत एकाला होतो, पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नागपूरकडील खेड्यांच्या पाहणीत तो सुमारे साडेसातशेत एकाला आढळला.

घरातला प्रश्न असा की दादासाठी मामाचीच मुलगी करायची बोलणी चालली होती. आजी-आजोबांना रातांधळे नव्हते, म्हणजे दोघांकडून लपलेला एकेक दोष मामांकडे आला असावा. तसे असेल तर मुलीकडे एक दोष नक्की आहे, तिची नजर मात्र बहुधा चांगलीच राहील. दादाकडे तो आईकडून आलेला असू शकतो. दोघांकडे असला, तर प्रत्येक मुलामागे चारांत एक असा धोका.

वहीत आकृती काढून हे मी आईला सांगितले. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे माझ्याबी अंगात आसंल?" मी म्हणालो, असू शकते.

बोलणी सध्या थांबली आहेत. रक्ताची जनुकीय तपासणी करता येते, आधी मामांची, मग दादाची, असे डॉक्टर म्हणाले. मामा तयार आहेत. त्यांनी एवढेच विचारले, "दिवसाउजेडी जायचं न्हवं?"

— बी. ए. द्वितीय वर्ष