शंका-समाधान : आशाताईला दार उघडा

नवजात बाळाच्या घरभेटींबद्दलच्या लेखावर बरीच पत्रं आली. त्यातल्या चार पत्रांना उत्तरं देत आहे.

प्रश्न : सून तिसऱ्या दिवशी बाळ घेऊन घरी आली, तर दुपारीच आशाताई वजनकाटा घेऊन हजर. दवाखान्यात सगळं तपासलेलं असताना बाहेरच्या बाईनं बाळंतिणीच्या खोलीत का शिरावं? आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला कोणी शिवत नाही.
– एक आजी, जि. सोलापूर

उत्तर : आजी, बाळापाशी वर्दळ नको हे तुमचं अगदी बरोबर. पाहुण्यांना जरूर थांबवा, पण आशाताईला, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, थांबवू नका. तान्ह्या बाळाचं दुखणं गुपचूप येतं. ते अंगावर कमी पितं, मलूल होतं, गार पडतं आणि काही तासांत हाताबाहेर जातं. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी बहुतेक पहिल्याच आठवड्यात जातात. म्हणून दवाखान्यातल्या बाळंतपणानंतरही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ती येते. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही येते.

पुढच्या वेळी शेजारी बसून तिचं काम बघा. आधी साबणानं हात धुईल, बाळाला झोळीत ठेवून वजन करील, थर्मामीटर लावील, नाळ बघेल, मिनिटभर श्वास मोजेल आणि सून बाळाला कशी पाजते तेही पाहील. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असले, छाती आत ओढली जात असली, बाळानं पिणं सोडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. १०२ किंवा १०८ वर गाडी मिळते. आणि आजी, मध-घुटी बंद. सहा महिने फक्त आईचं दूध.

प्रश्न : दहावी शिकलेल्या बाईला न्यूमोनिया कसा कळणार? खेड्यातल्या लोकांना डॉक्टर न देता ही तात्पुरती सोय दिली आहे, असं मला वाटतं.
– एक शिक्षक, जि. बुलढाणा

उत्तर : गुरुजी, खेड्यात डॉक्टर हवेत ही तुमची मागणी रास्तच आहे. पण आशाताईचं काम तात्पुरतं नाही. त्यामागे गडचिरोलीत झालेला पक्का अभ्यास आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये तिथे ‘सर्च’ संस्थेचं काम सुरू केलं. त्या वेळी तिथे जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती.

न्यूमोनिया ओळखायचा तर श्वास मोजायला हवेत, आणि अनेक दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. तेव्हा एक साधी पाटी तयार झाली. तिच्यावर मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळासाठी, दुसरी मोठ्या मुलासाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा. दायांना ते जमलं.

पुढे ३९ गावांतल्या थोडंफार शिकलेल्या बाया ‘आरोग्यदूत’ झाल्या. बाळाला ऊब देणं, अशक्त बाळाला पाजणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणं, हे सारं त्या शिकल्या. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, तेव्हा नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. हा अभ्यास १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २०११पासून देशभर आशाताई ज्या घरभेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे.

प्रश्न : मी आशा आहे. रात्री-अपरात्री बाळंतिणीबरोबर जाते. तरी ‘पैशासाठी करते’ असं ऐकावं लागतं. मोबदलाही वेळेवर मिळत नाही. उमेद कशी टिकवू?
– एक आशाताई, जि. नंदुरबार

उत्तर : ताई, घामाचे पैसे मागण्यात कमीपणा कसला? मोबदला वेळेवर मिळणं हा तुमचा हक्कच आहे. तुमच्याआधी ही वाट चाललेल्या बायांकडे बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केलं. तिथल्या आरोग्य कार्यकर्त्यांमध्ये निरक्षर आणि दलित बाया पुष्कळ होत्या. जिथे त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याच गावात त्यांनी बाळंतपणं केली, कुष्ठरोग्यांची काळजी घेतली आणि लोकांचा विश्वास मिळवला. आरोळे दांपत्याला १९७९मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या साऱ्या आशांचा गौरव केला, त्यात तुम्हीही आहात. गावाच्या आरोग्य व पोषण समितीत आणि ग्रामसभेत उभं राहून आपलं काम सांगा. लोकांना ते माहीत नसतं म्हणून असं बोलतात.

प्रश्न : नुकताच निवृत्त झालो. गावासाठी दवाखाना काढावा, असं मनात आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आधी गावाला विचारा. बंग दांपत्यानं आदिवासींना विचारलं, तेव्हा त्यांना झोपड्यांसारखा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा दवाखाना हवा होता. तो तसाच बांधला आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. तुमच्या गावाला कदाचित इमारतीपेक्षा रात्री बाळंतिणीला नेणारी गाडी जास्त हवी असेल, किंवा आशाताईच्या वजनकाट्याची दुरुस्ती. गावातल्या पाच बाळंतिणींशी बोला आणि आशाताईबरोबर एक दिवस फिरा. कामं आपोआप दिसतील. दवाखान्याचा विचार त्यानंतर करा.

आणि सगळ्याच वाचकांना विनंती : आशाताई दारात आली की तिला आत घ्या, हात धुवायला पाणी-साबण द्या आणि तिचं काम तिला पुरं करू द्या.