"दादा तर छान बोलला!"

आमच्या धाकट्या भाऊजींचा दर रविवारी फोन येतो. हे फोन घेतात. "हां, बोल रे. पाऊस काय म्हणतोय तिकडे? पोरं मजेत ना?" सगळं कसं जागच्या जागी. मग फोन माझ्याकडे येतो आणि भाऊजी म्हणतात, "वहिनी, दादा तर छान बोलला! तुम्ही उगाच घाबरवता." मी फोन ठेवते तेव्हा हे विचारत असतात, "कोण होता गं तो?"

ज्यांच्या घरात स्मृतिभ्रंशाचा माणूस आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. हा आजार अलीकडचं आधी नेतो आणि जुनं, मुरलेलं बरंच मागे ठेवतो. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला "या, बसा, चहा घेणार ना?" म्हणायला सकाळी काय खाल्लं ते आठवावं लागत नाही. पाहुण्यांपुढे तासभर हे स्वतःला असे सावरून धरतात की मलाच कौतुक वाटावं. त्या तासाची वसुली मात्र रात्री माझ्याकडून होते. दिवे लागणीला येरझाऱ्या सुरू, "मला घरी जायचंय" सुरू, आणि कपाटातल्या जुन्या फायली काखेत मारून ऑफिसला निघणं सुरू.

गौरी जेवणाच्या दिवशीचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. भाऊजी आणि वन्सं आले होते. ह्यांनी माझ्यासमोर पुरणपोळ्या खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं. हात धुऊन बाहेर आले, भाऊजींच्या शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "सकाळपासून हिनं मला काही खायला दिलेलं नाही बघ." मला हसू आलं. शर्टावर तुपाचा ओघळ अजून ओला होता. पण बाकी कोणीच हसलं नाही. वन्संनी भाऊजींकडे पाहिलं. मग त्या उठल्या, माझ्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ताटलीत लाडू, करंज्या घेऊन आल्या. "खा दादा, पोटभर खा." माझ्यादेखत!

त्या क्षणी मला लख्ख कळलं की आजारी माणूस त्या दोघांच्या लेखी निरोगी आहे, आणि संशयित मी आहे.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी विषय काढला. "दादाचं मुखत्यारपत्र माझ्या नावानं करून टाकू, म्हणजे तुम्हाला त्रास नको." माझा त्रास! मी वकिलांकडे गेले. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. मुखत्यारपत्र देणाऱ्याला सही करताना तो कागद समजला पाहिजे. आणि नीट समजून दिलेलं असलं, तरी पुढे त्याची समज गेली की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ते मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं, नेमक्या त्याच दिवशी उपयोगाचं नाही. मग पालकत्वासाठी उच्च न्यायालयात अर्ज. आमच्या सांगलीकडच्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच झालंय, तेवढा मुंबईचा हेलपाटा वाचला. पण कोर्ट ते कोर्टच.

म्हणून निदान झालं की रडणं जरा पुढे ढकला आणि त्याच आठवड्यात कागदाला लागा. खाती 'दोघांपैकी कोणीही' अशी करून घ्या. मुदत ठेवी पाहा, कारण मुदतीआधी मोडायच्या तर बँक बहुधा दोघांच्या सह्या मागते. नामांकनं तपासा. मृत्युपत्र करायचं असेल तर माणूस शुद्धबुद्धीत असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्याच दिवसाचं जोडा. ओटीपी कोणाच्या फोनवर येतो तेही बघा. आमच्याकडे तो फोन तांदळाच्या डब्यात असायचा.

सहीचं तर विचारूच नका. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो. ह्यांची नोंदवलेली सही इंग्रजीत, झोकदार. त्या दिवशी ह्यांनी पेन घेतलं आणि एकेक अक्षर जोडत मराठीत पूर्ण नाव लिहिलं, वर रेघसुद्धा ओढली, शाळेच्या वहीवर घालतात तसं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, ही सही चालणार नाही. काकांना नीट करायला सांगा." नीट! मागे रांग चुळबुळत होती. नंतर कळलं की सही न करू शकणाऱ्या निवृत्तिवेतनधारकासाठी अंगठ्याची सोय आहे, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेचे तसे आदेश आहेत. हे त्या मुलानं मला सांगायचं की मी त्याला? तुम्ही थेट व्यवस्थापकांकडे जा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

डॉक्टरांकडेही तेच नाटक होतं. वार कोणता, तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, तीन शब्द लक्षात ठेवा. हे तारीख चुकतात आणि वर हसून म्हणतात, "रिटायर माणसाला तारखेशी काय करायचंय डॉक्टर?" डॉक्टर हसतात. मी त्यांच्यासमोर "रात्री हे मला मारायला उठले" कसं सांगू? म्हणून आता आधीच चिठ्ठी आत पाठवते. झोप, लघवी-शौच, पडणं, आरडाओरडा, तारीख-वेळेसकट. ही वही ठेवाच. आमच्या वहीमुळेच एकदा लक्षात आलं की भ्रम दोन दिवसांत अचानक वाढलाय. तो आजार वाढल्यामुळे नव्हता, लघवीत संसर्ग होता. असं एकाएकी बिघडलं तर आधी लघवी तपासा. आणि सर्दीची, झोपेची गोळी दुकानातून परस्पर आणू नका, त्यातल्या काही गोळ्यांनी ह्या माणसांचा गोंधळ आणखी वाढतो.

बाकी नेहमीचंच. बाथरूमची आतली कडी काढा. रात्री गॅस रेग्युलेटरपाशी बंद करा. बाहेरच्या दाराला नजरेच्या वर दुसरी कडी लावा. फोन नंबर खिशात ठेवू नका, शर्ट बदलला की गेला. कॉलरच्या आतून शिवा. "घरी जायचंय" म्हटलं की "हेच घर आहे" असा वाद घालू नका, "चहा घेऊन निघू" म्हणा. स्वतःची काळजी घ्या, असंही सगळे सांगतात. कशी, ते कोणी सांगत नाही.

नातेवाईकांसाठी एकच उपाय मला सापडला. त्यांना तासाभरासाठी बोलावू नका, रात्रीला ठेवून घ्या. भाऊजी एकदा राहिले. पहाटे तीनला हे काठी घेऊन त्यांच्या उशाशी उभे. "कोण रे तू? माझ्या घरात शिरलास कसा?" भाऊजी अंथरुणातून जे उठले ते थेट गॅलरीत. सकाळी चहासुद्धा न घेता निघाले, म्हणे महत्त्वाचं काम आठवलं. माझी माफी वगैरे काही नाही. पुढच्या लग्नात मात्र "वहिनी जरा हळव्या आहेत" म्हणून चारचौघांत सांगत होतेच.

परवा मात्र त्यांनी आपणहून विचारलं, "वहिनी, काही मदत हवी का?" मी लगेच रात्रीच्या अटेंडंटचा महिन्याचा खर्च सांगितला आणि निम्मा त्यांच्याकडे लावला. "बघतो," म्हणालेत. पैसे अजून आलेले नाहीत. रविवारचा फोन आला.