पोटगीचा अर्ज आणि गावचा कागद

कारंजा लाड हे वाशिम जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. श्रीनृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाच्या दर्शनास येणारे यात्रेकरू आणि सोयाबीन, तूर, कापूस विकण्यास येणारे शेतकरी यांची येथे सदैव वर्दळ असते. त्याच बसगाड्यांतून माहेरी परतलेल्या, पदरी मूल असलेल्या स्त्रियाही न्यायालयाची तारीख गाठण्यासाठी येतात. त्यांच्यापैकी बहुतेकींचा पहिला सल्लागार वकील नसतो. तो गावचा सरपंच, शिक्षक किंवा पोलीस पाटील असतो. म्हणून पोटगीच्या अर्जाची कार्यपद्धती या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कौटुंबिक न्यायालय अधिनियम १९८४ साली झाला. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत अशी न्यायालये स्थापन करणे त्याने राज्य शासनांवर बंधनकारक केले. इतरत्र ती शासनाच्या निर्णयानुसार होतात. जेथे असे न्यायालय नाही, तेथे पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो. या अर्जाचा आधार पूर्वी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ त्याच्या जागी आले. आकडा बदलला, आशय बव्हंशी तोच राहिला. ही तरतूद कोणत्याही एका धर्मापुरती नाही. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही या मार्गाने दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ च्या निर्णयात स्पष्ट केले आहे. पत्नी सध्या जेथे राहते तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. सासर पुण्याकडे असले तरी माहेर कारंजा तालुक्यात असलेल्या स्त्रीला पुण्याच्या फेऱ्या घालाव्या लागत नाहीत.

येथे गावातील एका जुन्या प्रथेचा विचार करणे भाग आहे. नवराबायकोचे पटेनासे झाले की चार प्रतिष्ठित माणसे बसतात, मुद्रांक कागद आणला जातो आणि ‘आम्ही उभयता परस्पर संमतीने वेगळे राहत आहोत’ असे लिहून दोघांच्या सह्या किंवा अंगठे घेतले जातात. हेतू भांडण मिटविण्याचा असतो, यात शंका नाही. परंतु हिंदू विवाहाच्या बाबतीत अशा सोडचिठ्ठीने विवाह मोडत नाही. एखाद्या समाजात तशी रूढी असल्यास कायदा ती मानतो खरा, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. याहून घातक गोष्ट वेगळीच आहे. पतिपत्नी परस्पर संमतीने विभक्त राहत असतील तर पत्नीला पोटगी मिळत नाही, असे कलम १४४ मध्येच म्हटले आहे. न्यायालयातून रीतसर घटस्फोट झालेल्या व पुनर्विवाह न केलेल्या स्त्रीला पोटगी मागता येते. मात्र गावच्या कागदावर सही केलेली स्त्री धड घटस्फोटितही नसते आणि तिच्याविरुद्ध तिचीच सही पुढे केली जाते. पंचांनी सदिच्छेने लिहिलेले एक वाक्य तिला असे नडते. मुलांचा हक्क मात्र या कागदाने जात नाही.

अर्जात पतीचा पत्ता बिनचूक असावा. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. हे दिवस नोटीस बजावल्यानंतर सुरू होतात, अर्ज दिल्यानंतर नव्हे. पती कामासाठी परगावी गेला असेल तर तेथील ठावठिकाणा मिळविणे हे गावकऱ्यांनी करण्याजोगे मोठेच साह्य होय. पती जाणूनबुजून नोटीस टाळतो अशी न्यायालयाची खात्री झाल्यास काम एकतर्फी चालू शकते. पण योग्य कारण दाखवून तीन महिन्यांच्या आत तो हुकूम रद्द करून घेण्याची संधी त्याला असते.

पोटगी किती, हा पुढचा प्रश्न. दरमहा ५०० रुपयांची जुनी मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने गेली. त्यानंतर वाद उरला तो उत्पन्नाचा. नोकरदाराचे वेतन कागदावर असते, शेतकऱ्याचे उत्पन्न तसे नसते. ‘जमीन वडिलांच्या नावावर आहे, मी मजुरी करतो’ हे उत्तर ठरलेले. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे ठरविले, आणि शेतकरी पक्षकारांसाठी त्याचा स्वतंत्र नमुना दिला. त्यात मालकीच्या जमिनीबरोबरच तिच्यातील हिस्साही विचारला आहे. जमीन ओलिताची की कोरडवाहू, वर्षात कोणती पिके घेतली, मागील तीन वर्षांचे उत्पन्न किती, बटईने जमीन केली आहे काय, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती, जमिनीवर कर्ज किती, असे प्रश्न त्यात आहेत. कारंजा तालुक्यातील स्त्रीने सातबारा, आठ-अ व फेरफाराचे उतारे आणि मिळाल्यास शेतमाल विक्रीच्या पावत्या सोबत जोडल्या, तर पतीचे म्हणणे ताडून पाहणे न्यायालयास सोपे जाते. स्वतःची मिळकत तिनेही लपवू नये. प्रतिज्ञापत्र तिलाही बंधनकारक आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही याच निर्णयात सांगितले आहे.

हुकूम झाला तरी पैसा हाती येतोच असे नाही. थकबाकीच्या वसुलीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि तो रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. नातेवाइकांच्या भरवशावर दोन-दोन वर्षे थांबणाऱ्या स्त्रिया या मार्गाने मिळणारी मागील रक्कम गमावतात. वॉरंट काढूनही वसूल न झालेल्या प्रत्येक महिन्याच्या रकमेबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण कैद भोगल्याने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच म्हटले आहे.

वकिलाच्या खर्चाची धास्ती हे अर्ज न करण्याचे नेहमीचे कारण असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा लागतो. मारहाणीची तक्रारही असेल तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खालील संरक्षण अधिकाऱ्यास भेटावे. दोन्ही कायद्यांखाली दाद मागितल्यास आधीच्या हुकमाची माहिती दुसऱ्या न्यायालयास देणे आवश्यक आहे, कारण तेथे मिळालेली रक्कम नव्या रकमेत जमेस धरली जाते.