डोक्याचा मार अंगावर काढू नकोस

चि. ऋत्विक यास,


कालच्या रग्बी सामन्याचा व्हिडिओ तुझ्या आईने पाठवला. तू टॅकलला वाकलास आणि समोरच्याचा गुडघा तुझ्या कानशिलावर बसला. उठलास, पण एक हात बराच वेळ गवतावर टेकलेला होता. मग चार पावलं चक्क समोरच्या संघाच्या रांगेकडे चालत गेलास. कुणीतरी जर्सी धरून मागे ओढलं. आईला लिहिलंस, ‘काही नाही, जरा गरगरलं.’ फिजिओला तर तेवढंही नाही.

मुरगळलेला घोटा बांधून खेळता येतं. मेंदूला बसलेला हादरा असा अंगावर काढता येत नाही, कारण ‘मी ठीक आहे’ हे ठरवणाऱ्या मेंदूलाच मार बसलेला असतो. त्या घटकेला तुझ्या मताला मी काडीची किंमत देणार नाही, तूही देऊ नकोस. २०११ साली उत्तर आयर्लंडमध्ये १४ वर्षांचा एक मुलगा शाळेच्या सामन्यात डोक्याला मार लागूनही खेळत राहिला आणि दोन दिवसांत गेला. पहिला हादरा ओसरायच्या आत दुसरा बसला, तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. तुमच्या वयात हा धोका जास्त.

टीव्हीवर मोठे खेळाडू तपासणीसाठी बारा मिनिटं आत जातात आणि परत येतात, ते पाहून फसू नकोस. ती सोय वरच्या पातळीवर, स्वतंत्र डॉक्टर हजर असताना. आधी हीच तपासणी पाच मिनिटांत उरकायचं ठरलं, तेव्हा डॉ. बॅरी ओड्रिस्कॉल यांनी २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाच्या वैद्यकीय समितीचा राजीनामा दिला होता. तुमच्या पातळीवर नियम सरळ आहे: नुसती शंका आली तरी बाहेर, त्या दिवशी परत नाही, आणि पुढचा सामना किमान २१ दिवसांनी. निवड चाचणी बुडेल, हे मला कळतं. बुडू दे.

स्टीव्ह थॉम्पसन तुला ठाऊक आहेच, २००३ च्या जगज्जेत्या इंग्लंडचा हूकर. ४२ व्या वर्षी त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तो विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवतच नाही. वेल्सचा माजी कर्णधार रायन जोन्स याला तेच निदान झालं तेव्हा तो ४० वर्षांचा होता. ग्लासगो विद्यापीठाने ४१२ माजी स्कॉटिश आंतरराष्ट्रीय खेळाडूंचा अभ्यास २०२२ मध्ये मांडला: मेंदू झिजण्याचे आजार त्यांच्यात इतरांच्या सुमारे अडीचपट. यात फक्त बेशुद्ध पाडणारे मोठे मार धरू नकोस. सरावातले रोजचे छोटे धक्केही साठत जातात असं डॉक्टरांना वाटतं. म्हणून मंगळवारच्या सरावात ताकद दाखवायला डोकं घालत जाऊ नकोस.

आणखी एक सांगते. काही खेळाडू हंगामाच्या सुरुवातीला होणाऱ्या मेंदूच्या चाचणीत मुद्दाम कमी गुण घेतात, म्हणजे मार बसल्यावर फरक दिसत नाही. कुणी हे शिकवायला आलं तर ऐकू नकोस. आणि मैदानात तुझ्या शेजारचा डळमळताना दिसला तर रेफ्रीला सांग; त्याला राग आला तरी चालेल.

आता आजचं. हे वाचून झालं की वॉर्डन आणि फिजिओ दोघांना सगळं सांग, ते चुकीच्या बाजूला चालत गेल्याचंसुद्धा. आज एकटा राहू नकोस, मोबाईल कमीत कमी बघ, जिम नाही. डोकेदुखी वाढली, उलटी झाली किंवा झोप आवरेनाशी झाली, तर मला विचारत बसू नकोस, थेट रुग्णवाहिकेसाठी ९९९ लाव. फिजिओ काय म्हणाले ते रात्री आईला फोन करून सांग, मीही तिथेच असेन.

तुझी,
मावशी