शय्यामूत्र आणि गजर-यंत्र : चिकित्सेतील काही अनुभव

शार्ङ्गधर संहितेने बालरोगांच्या गणनेत शय्यामूत्राचा समावेश केला आहे. पाचव्या वर्षानंतरही मूल झोपेत वारंवार अंथरूण ओले करीत असेल, तर त्याचा व्याधी म्हणून विचार करावा. गाढ निद्रेत तमाचे प्राबल्य असल्याने बस्ती भरल्याची जाणीव मुलास होत नाही व अपानावरील नियंत्रण सुटते, अशी संप्राप्ती सामान्यतः मांडली जाते. मूल हे मुद्दाम करीत नाही, हे पालकांस पहिल्याच भेटीत सांगावे. कारण पुष्कळदा मुलास औषधाआधी मार मिळालेला असतो.

गजराचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. १९०४ साली फाउंडलर या बालरोगतज्ज्ञांनी ओले अंथरूण परिचारिकांस कळावे म्हणून घंटेची योजना केली, तेव्हा मुलेच हळूहळू कोरडी राहू लागल्याचे त्यांना आढळले. १९३८ मध्ये अमेरिकेतील मावरर दांपत्याने त्यास पद्धतशीर उपचाराचे रूप दिले. आजच्या यंत्रात अंतर्वस्त्रास लावलेल्या संवेदकाला ओल लागताच विद्युतमंडल पूर्ण होते व घंटा वाजते. नेटाने वापरल्यास सुमारे दोन-तृतीयांश मुलांना गुण येतो.

यंत्रापूर्वीची परीक्षा : मलावष्टंभ आहे काय, हे प्रथम विचारावे, असल्यास त्याची चिकित्सा आधी करावी. पुष्कळ मुले शाळेतील स्वच्छतागृह टाळून दिवसभर वेग अडवतात, पाणीही पीत नाहीत आणि सायंकाळी एकदम पितात. चरकाचार्यांनी ‘न वेगान्धारणीय’ अध्यायात मूत्रवेगधारणाचा निषेध केला आहे; तो येथे शब्दशः लागू पडतो. सहा महिने कोरडे राहून पुन्हा सुरू झालेले शय्यामूत्र, अतितृष्णा, वजन घटणे, मूत्रदाह, दिवसाही कपडे ओले होणे, पायांतील अशक्तता वा झोपेत मोठ्याने घोरणे आढळल्यास यंत्र न देता योग्य तपासणीस पाठवावे.

आमची एक चूक : घाटकोपर येथील नऊ वर्षांच्या मुलाचे वडील दहाव्या दिवशीच यंत्र परत घेऊन आले. “आजी उठते, भिंतीपलीकडचे शेजारी उठतात, हा मात्र झोपलेलाच!” अशी त्यांची तक्रार होती. एका खोलीत पाच माणसे झोपणाऱ्या घरात हे घडणारच होते. दोष यंत्राचा नव्हता. प्रारंभी मूल स्वतः जागे होत नाही, त्यास आई-वडिलांनीच उठवावयाचे असते, हे आम्ही सांगितलेच नव्हते. शेजाऱ्यांना पूर्वकल्पना देऊन, आईने मुलाशेजारी झोपून उपचार पुन्हा सुरू केला. तिसऱ्या महिन्यात मुलगा कोरडा राहू लागला. अंथरुणाच्या भीतीने मामाच्या गावी जाण्याचे टाळणारा तो मुलगा मे महिन्यात आनंदाने गेला.

पालकांस द्यावयाच्या सूचना : घंटा वाजताच मुलास पूर्ण जागे करावे. घंटा त्यानेच बंद करावी, शौचालयात जाऊन मूत्रविसर्जन पूर्ण करावे, कपडे बदलून यंत्र पुन्हा लावावे. रोजची नोंद ठेवावी. ओला डाग लहान होणे, घंटा उशिरा वाजणे, मूल आपण होऊन उठणे ही सुधारणेची पहिली चिन्हे होत. चार आठवड्यांत यांपैकी काहीच न दिसल्यास पुनर्विचार करावा. सलग चौदा रात्री कोरड्या जाईपर्यंत यंत्र सोडू नये. यास बहुधा दोन ते तीन महिने लागतात. पुन्हा त्रास उद्भवल्यास हाच क्रम नव्याने करावा. शिक्षा व उपहास पूर्ण वर्ज्य.

औषधी दुकानदारांनाही आमची विनंती आहे. यंत्र विकताना या सूचना छापील कागदावर द्याव्यात आणि पंधरा दिवसांनी चौकशी करावी. सूचनांविना दिलेले यंत्र कपाटात पडते, आणि ‘आता याला उपायच नाही’ अशी समजूत मुलाच्या मनात कायम राहते. ती दूर करणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.