‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ म्हणजे कुठे आणि किती?

प्रश्न : ‘अकोला जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता, यलो अलर्ट’ असा निरोप मोबाइलवर आला. बार्शीटाकळीत दिवसभर आभाळ भरून होतं, पण थेंब पडला नाही. अंदाज चुकला म्हणायचा का? तुरळक, मुसळधार, कमी दाब, आर्द्रता या शब्दांचा शेतकऱ्यानं नेमका काय अर्थ घ्यायचा?
– एक वाचक, बार्शीटाकळी, जि. अकोला

उत्तर : एवढ्यावरून अंदाज चुकला असं म्हणता येत नाही. हवामान खात्याचे हे शब्द मोघम वाटतात, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द एका आकड्याला बांधलेला आहे. तो आकडा ठाऊक असला की अंदाज आपल्या कामाचा होतो.

आधी ‘कुठे’ ते पाहू. पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस पडणार असेल, तर खातं ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतं. २६ ते ५० टक्के म्हणजे ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ टक्के म्हणजे ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याहून जास्त असेल तर ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक’च्या दिवशी आपलं वावर कोरडं राहण्याचाच संभव अधिक. पातूरकडे धो धो कोसळला आणि पिंजरला धूळ उडाली, तरी तो अंदाज खराच ठरतो.

आता ‘किती’. पावसाची मोजणी सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतची असते. या २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत झाला तर हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.५ किंवा त्याहून जास्त झाला तर अत्यंत मुसळधार. महसूल खात्याचा ‘अतिवृष्टी’ हा शब्द वेगळा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस नोंदला गेला, की अतिवृष्टी धरली जाते. त्यामुळे नुकसानीच्या पंचनाम्याच्या वेळी आपल्या मंडळाच्या पर्जन्यमापकावर किती नोंद झाली, हे विचारून घ्यावं.

मिलिमीटर म्हणजे किती पाणी, हे घरीच पाहता येतं. सपाट बुडाचा, सरळ उभ्या बाजूंचा डबा झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवा. वाऱ्यानं कलंडू नये म्हणून भोवती विटा लावा. सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरा. पाणी १० मिलिमीटर चढलं असेल तर पाऊस १० मिलिमीटर झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर आणि एकरभर वावरात सुमारे चार हजार लिटर पाणी. रोजचा आकडा वहीत लिहून बेरीज करत जा. मिरगाची पहिली सर आली की तिफण काढायची घाई होते. मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. दुबार पेरणीचं संकट टाळायचं तर ही बेरीज हाताशी हवीच.

‘कमी दाब’ कळायला एवढं ध्यानात ठेवा, की हवेलाही वजन असतं. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो हवेचा भार असतो. हवामानशास्त्रात हाच दाब साधारण १०१३ हेक्टोपास्कल असा सांगतात. जिथे हवा तापून हलकी होते आणि वर चढते, तिथे दाब घटतो नि भोवतालची हवा तिकडे धाव घेते. वर जाणारी हवा थंड होत जाते. वातावरणाच्या खालच्या थरात सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंश तापमान कमी होतं. हवा पुरेशी थंड झाली, की तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनून ढग तयार होतात. पावसाळ्यात असं क्षेत्र बंगालच्या उपसागरात तयार होतं आणि अनेकदा ओडिशा, छत्तीसगड ओलांडून विदर्भाकडे सरकतं. म्हणून उपसागरातली बातमी वऱ्हाडानं परकी मानू नये. ती खरी ठरली तर वाशीमच्या डोंगरातून येणाऱ्या काटेपूर्णेला पूर येतो आणि महानचं धरण भरतं.

‘सापेक्ष आर्द्रता’ आपण कूलरपाशी रोज अनुभवतो. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढं बाष्प मावतं, त्याच्या किती टक्के प्रत्यक्षात आहे, ते हा आकडा सांगतो. मे महिन्यात तो खाली असतो, पाणी झपाट्यानं उडतं आणि कूलर गारवा देतो. जुलैत तो ८०–९० टक्क्यांवर गेला की पाणी उडतच नाही. कूलर नुसती ओलसर हवा फेकतो नि अंगावरचा घामही वाळत नाही.

‘उष्णतेची लाट’ म्हणजे नुसतं कडक ऊन नव्हे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त असावं लागतं, किंवा पारा थेट ४५ गाठावा लागतो. अकोल्यात मे २०२० मध्ये तो ४७ च्या पुढे गेला होता. हे तापमान सावलीतलं असतं, त्यामुळे उन्हात राबणाऱ्याला त्याहून कितीतरी जास्त चटका बसतो.

राहिले रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे ताबडतोब पावलं उचला. विजांचा इशारा असेल तर रंग कोणताही असो, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देतं.

विदर्भाचा अंदाज नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र देतं आणि शेतीचा हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. तो ‘मेघदूत’ अ‍ॅपवर मराठीत मिळतो. तो वाचताना आधी ‘कुठे’, मग ‘किती’ आणि मग रंग, या क्रमानं वाचा आणि फवारणी, पेरणी, काढणीचा निर्णय त्यावरून घ्या.